जुळलेली मापं

३ मार्च, सोमवार

शेवटी हो म्हणून बसलो. माझ्या धाकट्या भावाच्या शर्यतीच्या बोटीचं इंजिन आम्हीच बांधणार. आम्ही म्हणजे मी आणि मिस्त्री. मिस्त्री हे माझे यजमान. सगळा धक्का त्यांना मिस्त्री म्हणतो, त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझ्या मनात तेच नाव आहे. समोर अर्थात 'अहो'.

आजवर आम्ही मासेमारीच्या आणि फेरीच्या बोटींची इंजिनं उघडली आणि मिटली. ती आमच्यासारखीच, दमाने चालणारी. शर्यतीचं इंजिन घेणं म्हणजे विकतचं दुखणं आहे हे कळतं मला. पण गेल्या वर्षी बाहेरून तयार आणलेल्या इंजिनात भर वेगात पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड तुटला, इंजिनाला भोक पाडून बाहेर आला आणि बोट उलटली. धाकट्याचं गळ्याचं हाड जुळलं, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, अक्कल होती तिथेच आहे. तो परत बसणारच. आई गेल्यापासून त्याला मी वाढवलंय, त्याला अडवणं माझ्या हातात कधीच नव्हतं. निदान त्याच्या पाठीमागे जे फिरणार ते माझ्या हातचं असावं. शर्यत १३ एप्रिलला.

५ मार्च, बुधवार

सुट्या भागांचा दुकानदार येऊन गेला. आम्ही त्याला हमखास म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दाने सुरू होतं. हमखास टिकेल, हमखास मिळेल, आणि माल हमखास उशिरा येतो.

पिस्टन घडीव घ्यायचे यावर वाद नव्हता. ओतीव पिस्टन म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला. स्वस्त पडतो, पण मार बसला की तडकतो. घडीव म्हणजे तापलेल्या गोळ्याला प्रचंड दाबाखाली आकार दिलेला. तो मार खातो आणि गप्प राहतो. खोड एकच, तापला की जास्त फुगतो. म्हणून त्याच्या आणि सिलिंडरच्या मध्ये जास्त फट ठेवावी लागते, आणि इंजिन थंड असताना तो त्या फटीत टकटक वाजतो. गरम झाला की फुगून शांत होतो.

वाद कोणते घडीव यावर झाला. हमखास एक जात दाखवत होता, कमी फुगणारी, न वाजणारी. गाड्यांच्या शर्यतीत सगळे तीच वापरतात म्हणे. मी म्हटलं, गाडी कुठेतरी वळणावर पाय उचलते, बोट अख्खा वेळ चढावर असल्यासारखी ओढते. मला दुसरी जात हवी, मऊ पण चिवट. वाजली तर वाजली. रॉडही धाकट्याला हलके हवे होते, मी जाड छेदाचे घेतले. बोट लाटेवरून उडाली की पंखा हवेत फिरतो, इंजिन सुसाट सुटतं आणि पाण्याला लागताच पुन्हा आदळतं. तो हिसका रॉडने खायचा असतो.

मिस्त्रींनी पूर्ण यादी मला मोठ्याने वाचायला लावली. चष्मा घरी राहिला म्हणाले. चष्मा खिशात होता. आळशीपणाची कमाल आहे.

११ मार्च, मंगळवार

मिस्त्रींनी आज सुताराला फैलावर घेतलं. नव्या कपाटाच्या दाराची कड मध्येच वाकलेली आहे म्हणाले. सुतार बिचारा पट्टी लावून दाखवतोय, कड दोरीसारखी सरळ, मलाही सरळच दिसत होती. मिस्त्री मान कोंबडीसारखी वाकडी करून बघत राहिले आणि म्हणाले, "आता ठीक दिसतंय." सुतार गेल्यावर मी खूप चिडवलं. नेहमी हसतात, आज हसले नाहीत.

मग फटीवरून आमची जुंपली. त्यांचं म्हणणं बारा शतांश मिलिमीटर ठेवू. मी म्हटलं दहा पुरे, बारा म्हणजे फार सैल, ताकद निसटते. बोटीत सिलिंडरभोवती समुद्राचं गार पाणी फिरतं, त्यामुळे सिलिंडर आकसलेलाच राहतो आणि आतला पिस्टन तेवढा फुगतो, हे मलाही माहीत आहे. फट कमी पडली तर पिस्टन सिलिंडरला धरतो. पूर्ण वेगात इंजिन जागच्या जागी अडतं. बोट थांबते, माणूस थांबत नाही. म्हणून तर दहा, नाहीतर सात म्हटलं असतं. ते बारावर अडून बसले. कधी नव्हे ते कारण सांगेनात, नुसतं "मोकळं असू दे" म्हणत राहिले. शेवटी मी त्यांना दहावर आणलंच. कारण सांगता येत नसेल तर माघार घ्यावी माणसाने.

१४ मार्च, शुक्रवार

पिस्टन आले. डब्यातून काढले तेव्हा दागिन्यासारखे चमकत होते, आणि मोजल्यावर सगळी चमक उतरली.

आमची मोजायची एक रीत आहे. मिस्त्रींच्या वडिलांनी घालून दिलेली. आधी एकाने मोजायचं, आकडा कागदी चिकटपट्टीवर लिहून पट्टी पिस्टनच्या आत पोकळीत चिकटवायची. दुसऱ्याने आत न डोकावता मोजायचं आणि आपली पट्टी बाहेर लावायची. मगच दोन्ही शेजारी ठेवायच्या. मापाच्या वेळी बोलायचं नाही, तोंडही वाचू द्यायचं नाही. सासरे म्हणायचे, नवरा-बायकोचं एकमत चहात साखर किती यावर असावं, मापावर नको.

सहापैकी तीन पिस्टनचे आकडे जुळले नाहीत. दोन-तीन शतांशांचा फरक. पुन्हा मोजलं, फरक तसाच, पण वेगळ्याच पिस्टनवर. म्हणजे पिस्टन नीट गोल नाहीत. हमखासला फोन करून झाडला. तो म्हणाला कारखान्याची तपासणी आहे, हमखास गोल आहेत. मी म्हटलं, माल घेऊन जा.

१९ मार्च, बुधवार

दुसरा संच. पुन्हा तेच. चार आकडे जुळले नाहीत.

खोलीच्या तापमानाचा दोष असेल म्हणून पिस्टन रात्रभर मापाच्या हत्यारांशेजारी ठेवले होते, दोन्ही एकाच थंडाव्यात. तरीही तेच. मग मला मायक्रोमीटरचा, म्हणजे जाडी मोजायच्या आमच्या हत्याराचा, संशय आला. आकडे दाखवणारं आमचं मायक्रोमीटर मागच्या वर्षी तेलात बुडून गेलं, तेव्हापासून जुन्या रेघांच्या मायक्रोमीटरवरच चाललंय. नवं आणू या म्हटलं, तर मिस्त्री एकदम भडकले.

"ज्यांना रेघा वाचता येत नाहीत त्यांनी ते आणावं."

एवढं चिडण्यासारखं काय होतं कळेना. दुपारी धाकटा आला. पिस्टन परत जाताहेत ऐकून त्याचा पारा चढला. म्हणाला, "ताई, तुला इंजिन बांधायचंय की मला घरी बसवायचंय ते एकदा सांग." मी त्याला दारापर्यंत सोडायलासुद्धा गेले नाही. नंतर वाटलं, त्याचं खरं तर नसेल? मीच वाकडं शोधत बसलेय का?

२४ मार्च, सोमवार

आज देव पावला. तिसरा संच, सहाही पिस्टन, सगळे आकडे जुळले. एकाचाही फरक नाही.

मिस्त्रींनी दोन सुधारणा सुचवल्या होत्या. पट्टीवर पेन्सिलऐवजी जाड मार्करने लिहायचं, कारण पेन्सिल तेलाने पुसते. आणि आधी मी मोजायचं, मग त्यांनी, उगाच अदलाबदल नको. साध्या गोष्टी, पण डोक्यात याव्या लागतात. कित्येक दिवसांनी आम्ही एका लयीत काम केलं. सहाव्या पिस्टनची पट्टी माझ्या पट्टीशेजारी लावली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. ते म्हणाले, "चला, आटपलं एकदाचं." थकलेले दिसतात. हमखासला फोन करून सांगितलं की माल पास. आधीच्या दोन संचांबद्दल मात्र मी माफी मागितली नाही.

२७ मार्च, गुरुवार

सिलिंडर घासून मापाला आणले. हे काम मिस्त्रींचं. सिलिंडर आतून मोजायला घड्याळाची तबकडी असलेलं माप लागतं, आणि त्या मापाला शून्य कुठे ते आधी मायक्रोमीटरवरून शिकवावं लागतं. मिस्त्रींनी मायक्रोमीटर लावून दिलं, मी त्यावरून तबकडी शून्याला आणली. मग दोघांनी आलटून पालटून सहाही सिलिंडर मोजले. तबकडीचा काटा मोठा, ठसठशीत, दोघांचे आकडे तंतोतंत एक. सगळीकडे दहा शतांशांची फट.

आता मागे वळायला जागा नाही. रॉड चढले. बोल्ट मी स्वतः ताणले, एकेक लांबी मोजून.

१ एप्रिल, मंगळवार

इंजिन चालू झालं. कार्यशाळेतच, पाण्याच्या पिंपाला नळी जोडून. धाकटा त्याच्या दोन दोस्तांना घेऊन आला होता. पहिल्याच झटक्याला उठलं, आणि काय सांगू, थंड असूनही रेशमासारखं. टक नाही की टुक नाही. धाकटा म्हणाला, "ताई, हे तर झोपलेल्या मांजरासारखं घुरघुरतंय." माझी मान ताठ झाली. दोस्तांसमोर त्याने मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं.

मिस्त्री भिंतीला टेकून ऐकत होते. मी विचारलं, कसं वाटतंय. म्हणाले, "फार शांत आहे." मी म्हटलं, बांधलंय कुणी. ते जेवायला घरी आले नाहीत. भूक नाही म्हणाले. यश आलं की काही माणसांना सुतक लागतं.

३ एप्रिल, गुरुवार

लिहून काढते.

इंजिन बोटीत बसलंय, उद्या सकाळी चाचणी. आज शिल्लक कामं म्हणून जादाचे दोन पिस्टन मोजायला घेतले, शर्यतीत बरोबर सुटे ठेवायचे म्हणून. मी मोजत असताना धाकट्याचा फोन आला. उद्या सकाळी लवकर की दहाला, पंखा कोणता, इंधन किती. त्याच्याशी भांडता भांडता मी पट्टी लिहून आत चिकटवली आणि पिस्टन मिस्त्रींकडे सरकवला. त्यांनी मोजला, त्यांची पट्टी बाहेर लावली. फोन ठेवून मी दोन्ही शेजारी ठेवल्या.

दोन्हीवर एकाहत्तर.

माप होतं सतरा, पट्टीवर आम्ही नुसते शतांश लिहितो. मायक्रोमीटर माझ्या हातात असताना मी सतराच बघितलं होतं. फोनच्या नादात आकडे उलटे लिहिले. एकाहत्तर म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. असा पिस्टन सिलिंडरच्या तोंडातच अडकेल. हातात घेऊन कुणी खरंच मोजला असता तर जागच्या जागी ओरडला असता.

मिस्त्री हात पुसत होते. त्यांच्या देखत मी पिस्टन पुन्हा मोजला नाही, नुसता डब्यात ठेवला. त्यांनी विचारलं, "जुळलं ना?" मी हो म्हटलं.

मग एकेक गोष्ट आपली आपण पुढे येत गेली. मार्कर. आधी मी, मग ते. सुताराचं दार. वाकडी मान. परत पाठवलेले दोन संच, ज्यांच्यात काहीही खोट नव्हती. पिस्टन तरी मी मोजलेत, ते बरोबर आहेत. पण सिलिंडर? तबकडी मी शून्याला आणली ती त्यांनी लावून दिलेल्या मायक्रोमीटरवरून. ते शून्यच चुकलं असेल तर आम्ही दोघांनी सहा वेळा चूकच मोजली, आणि ती जुळली. आणि परवा इंजिन थंड असताना वाजलं नाही. घडीव पिस्टन, दहाची फट, आणि आवाज नाही. मी मांजराचं कौतुक ऐकत उभी होते.

संध्याकाळी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. ते रेडिओ ऐकत होते. ज्या माणसाचं माप धक्क्यावर कुणी दुसऱ्यांदा तपासत नाही, त्याला काय विचारू? तुम्हाला दिसतं का? विचारलं नाही. नेभळट म्हणा हवं तर.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी निघताना वाटलं होतं की वाटेत सांगेन. वाटेत हमखास भेटला आणि बरोबर चालत आला.

धाकटा बोटीत बसला होता, शिरस्त्राण घालून. इंजिन बंद करायची लाल दोरी असते. एक टोक चालकाच्या अंगाला, दुसरं खटक्याला. चालक फेकला गेला की दोरी निघते आणि इंजिन थांबतं. ती अजून त्याने अंगाला लावली नव्हती, खटक्यालाच लोंबत होती. मी बोटीत उतरले, दोरी उपटली आणि पदरात खोचली. दोरीशिवाय इंजिन उठत नाही.

धाकटा काय काय बोलला ते लिहीत नाही. सगळा धक्का ऐकत होता. माझं धाडस संपलं म्हणाला, मला त्याचं काहीच चालू द्यायचं नाही म्हणाला. मी म्हटलं, "माझं माप चुकलंय. सिलिंडर आवळ आहेत. उघडावं लागेल." तो म्हणाला शर्यत नऊ दिवसांवर आहे. मी म्हटलं, माहीत आहे. तो म्हणाला, "तुझं माप चुकतं कधी?" मी म्हटलं, चुकलं.

मिस्त्री वर धक्क्यावर उभे होते. पायऱ्या उतरून आले, एकेक पायरी पायाने चाचपत. ते असे उतरतात हे मी रोज बघते आणि गुडघे दुखतात असं समजते. बोटीच्या कडेला हात टेकून ते धाकट्याला म्हणाले, "तिचं नाही चुकलं. मला रेघा दिसत नाहीत. मधोमध डाग आहे, जिकडे बघावं तिकडे जातो. मी तिचे आकडे बघून लिहीत होतो."

धाकट्याने शिरस्त्राण काढलं आणि चांगल्या कानाची बाजू मिस्त्रींकडे केली, जणू नीट ऐकायचं राहून गेलं होतं. मग बोटीतून बाहेर येऊन हात देत त्यांना पायऱ्या चढवल्या.

५ एप्रिल, शनिवार

शेजारच्या गोदीतल्या कारखान्याचं माप आणून मोजलं. सगळे सिलिंडर पाच शतांशांनी आवळ. म्हणजे फट अर्धीच होती. पूर्ण वेगात किती वेळ काढला असता कोण जाणे. फार नाही.

मला राग आला आहे. लिहून टाकते, कारण दिवसभर सगळे मला समजूतदार म्हणताहेत. माझा भाऊ त्या बोटीत बसणार होता. हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, वाटलं होतं हे एक इंजिन निभावेल, मग हळूच बंद करेन. मग म्हणाले, "म्हणूनच बारा म्हणत होतो."

आणि मी त्यांना दहावर आणलं होतं. माझा राग गेला नाही. ते उठून गेले तेव्हा मी रडले. त्यांच्यासाठी, धाकट्यासाठी, आणि दहा दिवस मी सुखात होते त्याच्यासाठीही.

१२ एप्रिल, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की उजवा गेलेला परत येणार नाही, डावा सुया देऊन थोपवता येईल. मिस्त्रींनी विचारलं, डोळ्यात सुई म्हणजे दुखेल का. बाई म्हणाल्या, थोडं. ते म्हणाले, मग पहिली हिला टोचा. बाईंना हसावं की नाही कळेना. मला कळलं. आठ दिवसांत पहिल्यांदा हसलो आम्ही.

उद्याची शर्यत आमच्याशिवाय होईल. धाकट्याने ती गोष्ट पुन्हा काढली नाही. उलट गेले चार दिवस रोज येतोय. सिलिंडर पुन्हा घासले. मशीन मिस्त्रींनीच चालवलं, घासायचा दगड कधी चावतोय आणि कधी नुसता घसरतोय हे त्यांचे हात अजून सांगतात. पण आकडा त्यांना कुणी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. फट बारा ठेवली. बारा मागण्याचं कारण आता उरलं नव्हतं, तरी या वेळी मी वाद घातला नाही.

दुसरं माप आता धाकटा घेतो. त्याला शिकवणं म्हणजे डोकेफोड. मायक्रोमीटर असं पिळतो की जणू नळ बंद करतोय. आज पहिल्या पिस्टनवर त्याची पट्टी आणि माझी पट्टी तंतोतंत एक निघाली. म्हटलं, पुन्हा मोज, माझ्यासमोर. त्याने पुन्हा मोजलं. आता एका शतांशाचा फरक आला. फार बरं वाटलं.

२० एप्रिल, रविवार

बोट पाण्यात गेली. मी दोरी स्वतः धाकट्याच्या अंगाला लावली, खटका दोनदा ओढून बघितला. तो म्हणाला, "ताई, आता जाऊ?" एवढ्या वर्षांत त्याने कधी विचारून काही केल्याचं मला आठवत नाही.

इंजिन उठलं आणि वाजलं. सहाही पिस्टन टकटक टकटक, डब्यात खिळे घालून हलवल्यासारखे. धक्क्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, गेलं कामातून. हमखासचा चेहरा पडला. मी कान लावून ऐकत राहिले. पाणी फिरत होतं, तेल चढत होतं, आवाज एकेक करून विरत गेला. मग धाकट्याने वेग दिला आणि बोट खाडीच्या तोंडाकडे सुटली. लाटेवर उडाली, आदळली, पुन्हा उडाली, आणि इंजिन एका सुरात ओढत राहिलं.

मिस्त्रींना बोट दिसत नव्हती. ते ऐकत होते. आवाज दूर जाऊन वळला आणि परत येऊ लागला तेव्हा त्यांनी माझ्याकडे तोंड केलं आणि माझ्या कानाकडे बघितलं. हल्ली ते असंच बघतात. सरळ बघितलं तर मी डागाखाली जाते, कानाकडे बघितलं की चेहरा दिसतो.

"वाजलं ना सुरुवातीला?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. या वेळी ते खरं होतं.